दहा दिवसांची गोड बाई

चारुशीला खोबरेकरचं नाव तिच्या आईबापांनी चारुशीला ठेवलं, तेव्हा त्यांनी तिला बोलताना ऐकलं नव्हतं हे उघड आहे. शिरवणे बस आगाराच्या चौकशी खिडकीमागे बसून ही बाई बावीस वर्षं जे काही बोलत आली होती, ते एकदा ऐकलेली माणसं पुढच्या वेळी वेळापत्रक पाठ करून यायची. "सावंतवाडी किती वाजता?" असं कुणी विचारलं की ती आधी खिडकीवर टांगलेल्या पुरुषभर उंचीच्या फलकाकडे बघायची, मग विचारणाऱ्याकडे बघायची आणि म्हणायची, "डोळे आसत ते फक्त फोटो काढूक काय?" मग वेळ सांगायची. आणि सांगायची ती वेळ घड्याळानं मान खाली घालावी इतकी बरोबर असायची. तिच्या तोंडाला सगळे घाबरायचे आणि तिच्या शब्दावर सगळे गाड्या पकडायचे.

तीन वर्षांपूर्वी कॅन्सरनं तिचं स्वरयंत्र नेलं. आगारात हळहळ झाली. खोटं कशाला बोला, थोडी सुटकाही झाली. ती सुटका जेमतेम चार महिने टिकली, कारण चारुशीलेच्या गळ्यावर कंठपट्टी बसली.

ही कंठपट्टी म्हणजे काय, ते एकदा सांगून टाकूया, म्हणजे पुढे अडायला नको. मेंदू हा फार हट्टी प्राणी आहे. स्वरयंत्र कापून टाकलं तरी तो जिभेला, जबड्याला, गळ्याच्या स्नायूंना हुकूम सोडतच राहतो. त्या हुकमांची वीज इतकी बारीक असते की कातडीवर मुंगीसुद्धा दचकणार नाही, पण पट्टीतले संवेदक ती टिपतात. कानामागे शर्टाच्या बटणाएवढा संगणक चिकटवलेला असतो, तो त्या विजेवरून शब्द ओळखतो आणि बारक्या स्पीकरमधून बोलून दाखवतो. या संगणकाची कार्यप्रणाली होती 'स्वरिका चार'. ती एकेक शब्द ओळखायची, त्यामुळे प्रत्येक वाक्यामागे दीड सेकंद उशीर व्हायचा. आणि आवाज? आवाज कंपनीच्या यादीतला, क्रमांक सतरा. टूथपेस्ट विकणाऱ्या बाईचा असतो तसा, गुळगुळीत आणि निर्जीव. पण शब्द मात्र चारुशीलेचे, जसेच्या तसे, मालवणी, शिव्यांसकट. टूथपेस्टवाली बाई आगारात बसून "मेल्या, तुझी गाडी तुझ्या डोळ्यांसमोरसून गेली" असं म्हणायला लागली, तेव्हा पहिला आठवडा लोक नुसते ऐकायला म्हणून यायचे.

चारुशीलेला आवाज क्रमांक सतराबद्दल तिरस्कार होता. पण तिला तसा बऱ्याच गोष्टींबद्दल होता, त्यामुळे तिचं चांगलं चाललं होतं.

मग लग्नाचा सव्विसावा वाढदिवस आला आणि तिच्या नवऱ्यानं, म्हणजे सिद्धेशनं, तिला न विचारता भेट दिली.

गुरुवार होता, संध्याकाळचे सहा. नणंद रुचिता रत्नागिरीहून मुद्दाम आली होती. तिच्या मुलाला नोकरी लागली होती, त्याचा नारळ गावच्या देवाला ठेवायचा होता, आणि तेवढ्यासाठी ती दहा दिवसांचे कपडे घेऊन आली होती. चारुशीला दुपारी जरा पडली असताना सिद्धेशनं तिच्या कानामागचं बटण फोनला जोडलं, पडद्यावर आलेल्या 'स्वरिका पाच घ्यायची?' या प्रश्नाला 'होय' म्हटलं, आणि एक जुना फोन सोबत जोडला. त्या फोनमध्ये लग्न ठरल्यावर चारुशीलेनं त्याला पाठवलेले सदतीस व्हॉइस मेसेज होते. तेवढ्यावरून स्वरिका पाचनं तिचा स्वतःचा, खरा, खर्जातला, किंचित घोगरा आवाज पुन्हा तयार केला.

तिला जाग आली. समोर दोघं भावंडं केक घेऊन उभी.

"बोल," सिद्धेश म्हणाला. "काय तरी बोल गो."

तिनं त्याच्या हातातला फोन बघितला, कानामागे हात लावून बघितला आणि काय झालंय ते तिला कळलं. ती म्हणाली, निदान म्हणायला गेली, "माझ्या गळ्यात हात घालूक तुका कोणी सांगला होता? माका इचारलंस?"

आणि खोलीत तिचाच आवाज आला. तीन वर्षांपूर्वी मेलेला, तिचा स्वतःचा. दीड सेकंदाचा उशीर नाही, काही नाही. तो आवाज म्हणाला, "किती सुंदर भेट! तुम्ही माझ्यासाठी एवढं केलंत, मी खूप भाग्यवान आहे."

सिद्धेश मटकन खाली बसला आणि रडायला लागला.

सव्वीस वर्षांच्या संसारात चारुशीलेनं या माणसाला एकदाही 'तुम्ही' म्हटलं नव्हतं. तिनं तोंडावर हात ठेवला. रुचिताला वाटलं, वहिनीला भरून आलं. "वैनी," ती म्हणाली, "पयल्यांदा तू माझ्यासमोर चार शब्द धड बोललंस!"

घोटाळा असा होता. स्वरिका पाच एकेक शब्द ओळखत बसत नव्हती. ती पहिल्या दोन-तीन शब्दांच्या विजेवरूनच अख्ख्या वाक्याचा अंदाज बांधायची, म्हणून तर उशीर नव्हता. अंदाज कशावरून? तर अशा प्रसंगी लाखो माणसं साधारण काय बोलतात, त्यावरून. भेट मिळालेली बायको काय म्हणते? भाग्यवान आहे म्हणते. खिडकीवरची बाई काय म्हणते? निवांत बसा म्हणते. आणि या अंदाजावर कंपनीनं वरून एक साखरेचा पाक ओतला होता, त्याला नाव दिलं होतं 'सौहार्द'. म्हणजे चारुशीलेला तिचा आवाज परत मिळाला होता, आणि तोंडात सगळ्या जगाची सरासरी कोंबली होती, वर वेलचीपूड घालून.

ती रात्रीचं जेवण न जेवता झोपली. सकाळी उठून तिनं सिद्धेशला कागदावर लिहून दिलं, 'जुना परत घाल.'

सिद्धेशनं कागद वाचला आणि घडी करून खिशात घातला. "आठ दिवस बघ तरी," तो म्हणाला. "सवय होतली."

जुनं परत घालता येत होतं, नाही असं नाही. स्वरिका चार संगणकाच्या एका कोपऱ्यात बांधून ठेवलेली होती, दहा दिवस. दहाव्या दिवशी संध्याकाळी सहाला ती आपोआप पुसली जाणार होती. नवीन घ्यायला कुणाचंही एक बोट पुरत होतं. जुन्याकडे जायला मात्र कंपनीच्या पडताळणी क्रमांकावर, त्याच कंठपट्टीतून, स्वतःच्या तोंडानं संमती द्यावी लागत होती. लेखी अर्ज चालत नव्हता. कारण पूर्वी म्हणे काही नातेवाइकांनी परस्पर अर्ज लिहून घरातल्या म्हाताऱ्यांचे आवाज बंद करून टाकले होते. नियम शहाणपणाचा होता. शहाणपणाच्या नियमांनीच तर माणूस जास्त घुसमटतो.

पण हे सगळं तिला अजून माहीत व्हायचं होतं. शुक्रवारी ती खिडकीवर गेली.

शुक्रवारी लोक आधी चपापले, शनिवारी खूश झाले, सोमवारी आगारप्रमुख स्वतः खिडकीशी आले. "चारूमॅडम, तक्रारपेटी रिकामी! बावीस वर्षांत पहिल्यांदा!" चारुशीलेच्या मनात आलं, मेल्या, पेटी रिकामी आसा कारण तुझ्या आगारात पेन नाय. खिडकीतून आवाज आला, "हे सगळं आपल्या मार्गदर्शनामुळे, सर." आगारप्रमुख फुगून निघून गेले. तिला त्यांची घृणा आली, आणि त्यांच्यापेक्षा जास्त त्या आवाजाची, कारण तो तिचा होता.

मंगळवारी पेडणेकर आजोबा आले. त्यांना पणजीला जायचं होतं, साडेनऊच्या गाडीनं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, आणि ऑपरेशनची ही आजची तारीख चार महिने थांबून मिळालेली.

"बाय, पणजी येतली मां?"

साडेनऊची पणजी रद्द होती, इंजिन बसलं होतं. चारुशीला म्हणाली, "रद्द आसा, आजोबा. येवची नाय. नाक्यावर जावा नि रिक्षा धरा, बेगीन!"

"आजोबा, गाडीला किंचित उशीर होऊ शकतो," खिडकी गोड हसून म्हणाली. "आपण निवांत बसा. आपला प्रवास सुखाचा होवो."

आजोबा बसले.

ती पुन्हा बोलली. आवाज आणखी गोड झाला. ती जितकी चिडे तितकी गळ्यातली वीज वाढे, आणि वीज वाढली की यंत्राला वाटे, बाई भावनावश झाली आहे, जरा जास्तच सौहार्द दाखवूया. ती खिडकी सोडून बाहेर धावली. पुठ्ठ्यावर 'गाडी रद्द' असं लिहून तिनं त्यांच्या नाकासमोर धरलं. माणूस डोळ्यांच्या ऑपरेशनला चाललेला! त्यांनी पुठ्ठ्याकडे बघून मान डोलावली. तिनं त्यांचा हात धरून ओढलं.

"सोड गो पोरी," आजोबा हसत म्हणाले. "रवतंय मी. तू सांगलंस मां, येतली म्हणान."

शेवटी तिनं वाहतूक नियंत्रकाच्या टेबलावर कागद आपटला, तो फोन संपवून उठला आणि आजोबांना मोठ्यानं ओरडून सांगितलं, तेव्हा साडेअकरा वाजून गेले होते. ऑपरेशनची वेळ गेली. पुढची तारीख पावसाळ्यानंतर.

बुधवारी आजोबा परत आले, पिशवीत दोन शहाळी घेऊन. चारुशीलेला वाटलं, आता हे बोलतील. बोलायलाच हवं. तिनं मान खाली घातली.

"तुका म्हणान आणलंय," आजोबा म्हणाले. "तारीख गेली ती गेली. पण तू इतक्या गोड बोललंस गो बाय, रागावू कसो?"

बस्स. त्या क्षणी चारुशीलेनं ठरवलं. बावीस वर्षं लोक तिला शिव्या घालत आले होते आणि वेळेवर पोचत आले होते. आता एक माणूस आंधळा राहिला होता आणि तिला शहाळी देत होता.

दुपारच्या सुट्टीत तिनं फोनवर जुन्याकडे जायचे नियम आणि मुदत वाचून काढली आणि पडताळणीचा क्रमांक लावला.

"नमस्कार," पलीकडून आवाज आला. तोही माणसाचा नव्हताच. "स्वरिका परिवारात आपलं स्वागत. आपल्याला मागील आवृत्तीकडे जायचं आहे का?"

"व्हय! ह्यां माका नको!"

"नवीन आवृत्ती फारच छान आहे," तिचा आवाज म्हणाला. "मला काहीच अडचण नाही."

"ऐकून आनंद झाला, मॅडम."

"नको! नको! नको!"

"नको, धन्यवाद, सगळं अगदी ठीक आहे," तिच्या आवाजानं सांगितलं.

"आपण किती नम्रपणे बोलता, मॅडम."

"आपणही," चारुशीलेचा आवाज म्हणाला.

एक यंत्र दुसऱ्या यंत्राची तारीफ करत होतं आणि मध्ये एक जिवंत बाई स्टुलावर बसून ऐकत होती. तिनं तीन वेळा फोन लावला. तिसऱ्या वेळी पलीकडच्यानं तिला वर्षातली सर्वांत समाधानी ग्राहक म्हणून नोंदवलं.

घरी आल्यावर तिनं सिद्धेशला सगळं लिहून दिलं. आजोबांचं, शहाळ्यांचं, फोनचं. चार पानं. त्यानं चारही वाचली.

"कळता माका," तो म्हणाला. "पण तीन वर्षां मी ते सदतीस मेसेज आयकतंय. रोज. पाठ झाले. 'अरे, छत्री इसारलंस,' 'अरे, बाबा इचारतत हॉल खयचो.' तेच सदतीस. गुरुवारी पयल्यांदा अडतीसावां वाक्य आयकलंय मी, चारू."

तिनं कागद ओढला आणि लिहिलं, 'ता अडतीसावां वाक्य माझां नव्हतां.'

सिद्धेश उठून बाहेर गेला. रुचिता स्वयंपाकघरातून डोकावून म्हणाली, "वैनी, कित्याक तेका तरास देतंस? बरी बोलतंस आता. ऱ्हव मां अशीच." चारुशीलेनं तिला काय उत्तर दिलं असेल ते सांगायला नको, आणि ऐकू काय आलं तेही सांगायला नको. रुचितानं तिच्या गालावरून हात फिरवला.

शनिवारी नारळ ठेवायला सगळे देवळात गेले. कोकणात देवाला नुसता हात जोडून चालत नाही, गाऱ्हाणं घालावं लागतं. गावचा मानकरी देवासमोर उभा राहून मोठ्यानं, ठेक्यात, सगळी तक्रार आणि सगळी मागणी मांडतो, आणि प्रत्येक ओळीला जमलेली माणसं 'व्हय म्हाराजा' म्हणून साथ देतात. साथ नसेल तर गाऱ्हाणं पुढे जात नाही.

मानकरी भिवा गावकर सत्तरीचे, खणखणीत. "बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"ह्या रुचिताच्या झिलाक नोकरी गावली, तेच्या नावान हो नारळ तुझ्या पायाकडे ठेवलो हा, तो मान्य करून घे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" चारुशीलाही सवयीनं म्हणाली. आणि तिच्या अंगावर काटा आला.

कारण ते तसंच बाहेर आलं होतं. तिचे शब्द. तिच्या आवाजात. 'होय महाराज, आपली कृपा' असं काही नाही. व्हय म्हाराजा!

यंत्रानं हे का सोडलं? तिनं तिथंच उभ्याउभ्या अंदाज बांधला, आणि तो बरोबर निघाला. देवाच्या शब्दांत यंत्रानं सुधारणा केल्या तर भक्त खवळतील, हे कंपनीला ठाऊक होतं. म्हणून प्रार्थनेचा ठेका ऐकू आला की सौहार्द हात जोडून बाजूला उभं राहत होतं. चारुशीलेनं श्वास घेतला.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे म्हणाले.

"ही माझी नणंद नऊ दिवस माझ्या घरात बसान माझ्या गळ्यातल्या यंत्राचां कवतिक करता, तिका सांजची रत्नागिरी गाडी गावांदे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे म्हणाले. रुचितासुद्धा म्हणाली. मग तिचं तोंड उघडंच राहिलं.

चारुशीलेला अजून पुष्कळ बोलायचं होतं, ती आगारप्रमुखांवर येणार होती, पण आता कुणी साथ देईना. चार सेकंद गेले आणि तिच्या गळ्यातून आलं, "आपण सर्व आलात, फार बरं वाटलं."

"गाराणां घालणां मानकऱ्याचां काम," भिवा गावकर लाल होऊन म्हणाले. "बायलमाणसान घालूचां नसता!"

तिनं फोनवर मोठ्या अक्षरांत लिहून त्यांच्यापुढे धरलं, 'देवाक आयकाक इला. तुझां काय गेला?'

घरी येऊन तिनं स्वरिका पाचची माहितीपुस्तिका उघडली. दोनशे बारा पानं, आणि त्यातली दोनशे दहा कंपनीनं स्वतःचीच पाठ थोपटण्यात घालवलेली. एकशे ब्याण्णवाव्या पानावर मुंगीएवढ्या अक्षरांत सापडलं, 'समूहप्रार्थना. इतर व्यक्तींचा प्रतिसाद येत राहील तोपर्यंत वापरकर्त्याचे शब्द बदलले जाणार नाहीत.'

इतर व्यक्तींचा. म्हणजे एकटीनं जमणार नव्हतं. दुसऱ्या कुणीतरी, पट्टीतून नव्हे तर माणसाच्या गळ्यातून, प्रत्येक ओळीला 'व्हय' म्हणायला हवं होतं. रुचिता शेवटी खरंच संध्याकाळच्या गाडीनं गेली होती, फणकाऱ्यानं. मानकरी बोलत नव्हता. शेजारचे देवळातून हसत घरी गेले होते. उरला सिद्धेश.

रविवारी दुपारी तिनं त्याला पुस्तिकेतलं ते पान दाखवलं. त्यानं वाचलं. त्याचा चेहरा उजळला.

"मगे सोप्पा आसा!" तो म्हणाला. "तू घरात गाराण्यात बोल. मी व्हय म्हाराजा म्हणान रवतंय. जन्मभर! आवाज पण तुझो, शब्द पण तुझे."

तिनं त्याच्याकडे बघितलं. तिच्या आयुष्यात तिनं ज्या ज्या मूर्ख सूचना ऐकल्या होत्या, त्यांत ही पहिल्या तिनांत बसली असती. तिनं लिहिलं, 'कुकरची शिटी मोजूक मी देवाक हाक मारू? आणि भांडताना? भांडताना पण तू व्हयच म्हणतलंस?'

"तां तर आताव म्हणतंय," सिद्धेश म्हणाला. दोघांनाही हसू फुटलं, पण ते लगेच विझलं. तो पायरीवर जाऊन बसला, तिच्याकडे पाठ करून.

साडेपाच वाजले. तिनं फोन लावला.

"संमतीसाठी आपलं पूर्ण नाव, आपला निर्णय आणि त्याचे परिणाम समजल्याचं सांगा," पडताळणी म्हणाली. "मागे गेल्यास वैयक्तिक आवाज कायमचा रद्द होईल. तो पुन्हा दिला जात नाही. आपल्याकडे तीस मिनिटं आहेत."

"बा देवा म्हाराजा!" चारुशीला म्हणाली.

कुणी साथ दिली नाही. चार सेकंद.

"आपला दिवस आनंदात जावो," तिच्या आवाजानं सांगितलं.

पुन्हा. "बा देवा म्हाराजा!" पायरीवरची पाठ हलली नाही. "आपल्याशी बोलून बरं वाटलं." पुन्हा. पुन्हा. पावणेसहा वाजले. तिनं कपाळ भिंतीला टेकलं. तिला सिद्धेशचा राग आला नाही, हीच मोठी पंचाईत होती. आला असता तर सोपं होतं. राग ती आयुष्यभर उत्तम करत आली होती.

"बा देवा म्हाराजा," ती म्हणाली, या वेळी हळूच.

"...व्हय म्हाराजा."

तो दारात उभा होता.

ती सरळ झाली. "मी चारुशीला सिद्धेश खोबरेकर, रवणार शिरवण्याची, माझ्या शुद्धीत, माझ्या मर्जीन, कोणाच्या सांगण्याबिगर हयसर उभी आसंय म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"ह्यां जां पाचवां, साखरेत बुडवलेलां यंत्र माझ्या गळ्यात घातलां हा, तां माका नको म्हाराजा! चौथां व्हयां, तांच परत दी म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"तेच्याबरोबर माझो आवाज जातलो. परत गावचो नाय. तां माका म्हायत आसा म्हाराजा!"

सिद्धेश गप्प. एक सेकंद. तो तिच्या ओठांकडे नाही, कानामागच्या त्या बटणाकडे बघत होता. दोन. तीन.

"व्हय म्हाराजा," तो म्हणाला. जेमतेम ऐकू आलं, पण माणसाच्या गळ्यातून आलं.

फोनमध्ये टकटक झाली. "संमती नोंदवली. तथापि, संभाषणात एक पुरुषी आवाज आढळला. हा निर्णय घेताना आपल्यावर कुटुंबातील व्यक्तीचा दबाव आहे का?"

चारुशीलेनं डोळे वटारले. "बा देवा म्हाराजा! हो माणूस माझ्यावर दबाव घालतलो? ह्याची सव्वीस वर्षांत कधी टाप झाली नाय म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सिद्धेश ओरडला. तो हसत होता आणि बाहीनं नाक पुसत होता.

"धन्यवाद," पडताळणी म्हणाली. "प्रक्रियेला चाळीस मिनिटं लागतील. या काळात आपण बोलू शकणार नाही."

सहाला पाच कमी होते. बटणावरचा दिवा निळ्याचा पिवळा झाला. चाळीस मिनिटं काढायची होती. सिद्धेशनं चहा ठेवला. दोन कप भरले. बटणावर हिरवा दिवा लागला.

"बोल," तो म्हणाला.

दीड सेकंद गेला. मग टूथपेस्टवाल्या बाईनं सुरुवात केली, गुरुवारपासून. केकपासून. झोपलेल्या माणसाच्या कानामागे हात घालणाऱ्या नवऱ्यापासून. दहा दिवसांत गिळलेला एकेक शब्द तिनं जपून ठेवला होता, क्रमानं, तारीखवार, आणि आता ते सगळे ती त्या गुळगुळीत, निर्जीव, सपाट आवाजात एकामागून एक बाहेर काढत होती. शुक्रवारचे प्रवासी झाले. आगारप्रमुख आणि त्यांची पेटी झाली, तेव्हा सिद्धेशला चहाचा ठसका लागला. आजोबांवर ती आली तेव्हा त्यानं मान खाली घातली आणि ती वर केली नाही. चहावर साय धरली. बाहेर अंधारून आलं तरी कुणी दिवा लावला नाही.

"जरा थांब," शेवटी तो म्हणाला. "पाणी पितंय."

"पी," ती म्हणाली. "अजून चार दिवस आसत."